‘सायलेन्स’ आणि वसईचा वाचक

वाचकांनी अलीकडे वाचलेल्या एखाद्या कादंबरीविषयी आपले स्वतःचे मत मोकळेपणाने लिहून कळवावे, असे आवाहन या त्रैमासिकाने केले, आणि आलेली पत्रे चाळून त्यांतील निवडक मजकूर वेगळा काढण्याचे काम आमच्याकडे आले. पत्रे अपेक्षेपेक्षा अधिक आली. वाचकांचा उत्साह पाहून आम्हांस आनंद झाला, हे आधीच सांगितलेले बरे. कारण पुढे जे म्हणायचे आहे ते थोडे कटू आहे. कादंबरी कोणतीही असो, ती ‘हृदयस्पर्शी’ होती, ‘हाती घेतली ती संपवूनच खाली ठेवली’ अशी होती, तिची भाषा ‘ओघवती’ होती, व्यक्तिचित्रणे ‘जिवंत’ होती आणि एकंदरीत ती ‘प्रत्येकाच्या संग्रही असावी’ अशी होती. दहा पत्रांतील कादंबऱ्यांची नावे आपसांत बदलली असती, तरी कुणाच्या ध्यानात आले नसते. वैयक्तिक मत मागितले होते. आले ते बहुतांशी मलपृष्ठावरून उतरवलेले. (बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’विषयी, म्हणजे १८५७ साली एका मराठी ख्रिस्ती लेखकाने लिहिलेल्या आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गणल्या जाणाऱ्या पुस्तकाविषयी, एकही पत्र नव्हते, ही खंत जाता जाता नोंदवून ठेवतो.)

या गठ्ठ्यात एक पत्र मात्र निराळे होते. पाठवणारे गृहस्थ वसईकडचे, सेवानिवृत्त शिक्षक. पत्र अवघ्या चार ओळींचे. त्यांनी शुसाकू एन्दो या जपानी कॅथोलिक लेखकाची ‘सायलेन्स’ ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचली होती. लेखन उत्तम आहे, असे त्यांनी मान्य केले होते. परंतु संत गोन्सालो गार्सिया यांच्या वसईत हे पुस्तक घराघरांत जाऊ नये, आपल्या घरात आपण ते ठेवणार नाही, असे आपले स्पष्ट मत असल्याचे कळवून खाली सही केली होती.

आम्ही हे पत्र पुन्हा पुन्हा वाचले. या मताशी आम्ही सहमत नाही. पण त्या सबंध गठ्ठ्यात खऱ्या अर्थाने मत म्हणता येईल असे हे एकच होते. इतर वाचक कुठे उभे राहून पुस्तकाकडे पाहत होते याचा पत्ता लागत नव्हता. सर कुठे उभे आहेत हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकले होते. ते वसईत उभे होते. तेव्हा हे पत्र बाजूस न ठेवता ते आमच्या धर्मग्रामातील वाचकमंडळापुढे ठेवावे, सरांनाही बोलवावे आणि पुस्तकावर एक संध्याकाळ खर्च करावी, असे आम्ही ठरवले. त्या संध्याकाळी जे बोलणे झाले आणि त्यानंतर पुस्तक पुन्हा वाचताना जे आमच्या लक्षात आले, ते येथे मांडत आहोत.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. ‘सायलेन्स’ मूळ जपानीत १९६६ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला तानिझाकी पुरस्कार मिळाला. आयरिश येशूसंघीय फादर विल्यम जॉन्स्टन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९६९ साली आला. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी तिच्यावरून काढलेला चित्रपट २०१६ सालचा. काळ सतराव्या शतकाचा. ख्रिस्तोव्हाव फरेरा नावाचा, तीस वर्षांहून अधिक काळ जपानमध्ये राबलेला पोर्तुगीज येशूसंघीय धर्मगुरू छळापुढे नमला आणि त्याने धर्मत्याग केला, अशी वार्ता युरोपात पोहोचते. फरेरा ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. १६३३ साली नागासाकी येथे त्याला खड्ड्यावर उलटे टांगण्यात आले आणि काही तासांनी त्याने हार मानली. त्याच्या शिष्यांना हे खरे वाटत नाही. त्यांतील सेबॅस्टियन रॉड्रिग्ज आणि फ्रान्सिस गार्पे हे दोघे गोवा आणि मकावमार्गे जपानला चोरून पोहोचतात. (रॉड्रिग्ज हे आडनाव आमच्याकडे वाडीवाडीत सापडते, नायक परका वाटत नाही याचे हेही एक लहानसे कारण असेल.) वाटाड्या म्हणून त्यांना मिळतो किचिजिरो, एक दारुडा, भित्रा, धर्म टाकलेला आणि तरीही धर्माला चिकटून राहिलेला मनुष्य. लपून राहणे, खेडुतांचे गुप्त पापनिवेदन, किचिजिरोने केलेला विश्वासघात, अटक. आणि शेवटी ज्या फरेराच्या शोधात आलो त्याचीच भेट. फरेरा आता जपानी नाव घेऊन, जपानी वेषात सरकारचे काम करीत आहे. त्याच्या सांगण्यावरून, आणि खड्ड्यावर टांगलेल्या खेडुतांची सुटका व्हावी म्हणून, रॉड्रिग्ज ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवतो. अशा प्रतिमेला जपानीत ‘फुमिए’ म्हणत. १६२० च्या दशकाच्या अखेरीपासून ख्रिस्ती लोक हुडकून काढण्यासाठी अधिकारी तिचा वापर करीत.

आता वसईची बाजू. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीयांबरोबर ते तरुणपणी जपानला गेले, तेथील भाषा शिकले, पण त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. काही काळ व्यापार केल्यावर ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले आणि फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले, त्यांत ते होते. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. गासच्या देवळात, शाळा-महाविद्यालयांच्या नावांत, घरोघरीच्या तसबिरींत ते आमच्याबरोबर आहेत. ज्या नागासाकीत आमचा माणूस क्रूसावर गेला, त्याच नागासाकीत चाळीस-पन्नास वर्षांनंतर रॉड्रिग्ज प्रतिमेवर पाय ठेवतो. सरांना जे बोचले ते हे. जगातील इतर कोणत्याही गावच्या वाचकाला ते अशा रीतीने बोचणार नाही.

त्या संध्याकाळी पंधरा-सोळा माणसे जमली. पुस्तक पुरते वाचलेले पाच. एका तरुणाने चित्रपट पाहिला होता आणि तेवढ्या भांडवलावर तो सर्वांत अधिक बोलला. उरलेल्यांना आम्ही कथा सांगितली.

तरुणाचे म्हणणे असे की, पुस्तक अतिशय आधुनिक आहे. करुणा हाच खरा धर्म, बाकी प्रतिमा म्हणजे लाकूड आणि तांबे, हे त्यातून सिद्ध होते. सरांनी त्यावर शांतपणे विचारले, ‘‘मग गोन्सालोने उगाच जीव दिला म्हणायचा का?’’ तरुणाला उत्तर सुचले नाही. आम्हांलाही त्या क्षणी सुचले नाही, हे कबूल करतो.

उपस्थित असलेल्या फादरांनी येथे ग्रॅहॅम ग्रीनच्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ची आठवण काढली, आणि ती अगदी समयोचित होती. मेक्सिकोतील धर्मछळाच्या काळातला एक दारू पिणारा, एका मुलीचा बाप झालेला धर्मगुरू हा या १९४० सालच्या कादंबरीचा नायक. रोममधील धर्मतत्त्व-विभागाच्या परीक्षकांना ती रुचली नाही. १९५३ साली वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल ग्रिफिन यांच्यामार्फत लेखकाला नापसंती कळवण्यात आली. पण त्याच वर्षी व्हॅटिकनच्या सचिवालयातील एका वाचकाने या निर्णयाचा पुनर्विचार व्हावा असे सुचवणारे पत्र लिहिले होते. त्या वाचकाचे नाव जोव्हान्नी बात्तिस्ता मोन्तीनी. पुढे ते पोप सहावे पॉल झाले. १९६५ साली ग्रीन त्यांना भेटला, तेव्हा ही कादंबरी आपण वाचल्याचे सांगून त्यांनी त्याला धीरच दिला. फादर म्हणाले, ‘‘म्हणजे एकाच इमारतीत बसलेल्या, एकाच श्रद्धेच्या माणसांची एका पुस्तकाविषयी दोन मते होती. सर, तुम्ही आणि हा मुलगा एका वाचकमंडळात बसलात तर काय बिघडले?’’ मंडळी हसली. वातावरण निवळले. परंतु सरांचा प्रश्न तसाच राहिला होता.

‘सायलेन्स’लाही जपानमध्ये असाच विरोध झाला. नागासाकी परिसरातील काही धर्मगुरूंनी भाविकांना ती न वाचण्याचा सल्ला दिला. आम्ही त्यांना दोष देत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी समुद्रात आणि उकळत्या झऱ्यांत प्राण दिले, त्यांच्यापुढे पाय ठेवणाऱ्याची कथा नायकाची कथा म्हणून येते, तेव्हा राग यावा हे स्वाभाविकच आहे. पण राग आला म्हणजे पुस्तक वाचून झाले असे होत नाही. सर आणि तो तरुण, दोघांच्याही बोलण्यात कादंबरीचे एकच पान होते, पहाटेच्या प्रतिमेचे. बाकीची शे-दोनशे पाने दोघांच्याही मतातून गळून पडली होती.

सभेनंतर आम्ही कादंबरी पुन्हा उघडली, ती सरांचा प्रश्न मनात ठेवून. आणि प्रारंभीच्या भागातच जे सापडले त्याने आम्ही चकित झालो. तोमोगी गावचे दोन शेतकरी, मोकिची आणि इचिझो, यांना अधिकारी ओलीस म्हणून नेणार असतात. प्रतिमा तुडवण्याची आज्ञा झाली तर काय करावे, असे मोकिची रॉड्रिग्जला विचारतो. गार्पे गप्प असतो. रॉड्रिग्ज दयेने भरून येऊन त्याला पाय ठेवण्यास सांगतो आणि लगेच आपण काय बोलून बसलो या विचाराने ओशाळतो. ते दोघे खरोखरच पाय ठेवतात. पण अधिकाऱ्यांचे तेवढ्याने समाधान होत नाही. क्रूसावर थुंकावे, पवित्र मातेविषयी अभद्र बोलावे, असे सांगण्यात येते. ते त्यांच्याने होत नाही. मग त्यांना भरतीच्या रेषेवर खांबांना बांधले जाते आणि समुद्र हळूहळू त्यांचा जीव घेतो.

म्हणजे या कादंबरीत प्रतिमेवर पाय ठेवणारे आणि रक्तसाक्षी होणारे हे दोन वेगळे गट नाहीत. मोकिची दोन्ही आहे. आदल्या दिवशी त्याचा पाय प्रतिमेवर पडला आणि नंतर त्याने प्राण दिला. सरांना या पुस्तकात गोन्सालो दिसला नाही. पण तो पहिल्या शंभर पानांत आहे, फक्त तो ब्रदर नसून कर देऊन देऊन वाकलेला, धड नाव नसलेल्या खेड्यातला शेतकरी आहे. आणि त्या तरुणाला प्रतिमा म्हणजे केवळ लाकूड-तांबे वाटले. पण तेवढेच असते तर मोकिचीच्या डोळ्यांत पाणी कशाला आले असते? लेखकाने रक्तसाक्ष्यांना हिणवलेले नाही. मोकिचीच्या मरणापुढे रॉड्रिग्ज स्वतःच लहान होतो. देव बोलत का नाही, हा प्रश्न त्याच्या मनात घर करतो तो याच किनाऱ्यावर, स्वतःच्या छळाच्या कितीतरी आधी.

एन्दोची रचनाही बारकाईने पाहण्यासारखी आहे. आरंभीची प्रकरणे रॉड्रिग्जची पत्रे आहेत; तेथे ‘मी’ बोलतो. अटक होताच हा ‘मी’ संपतो आणि निवेदक ‘तो’ म्हणू लागतो. पुढे एका डच व्यापारी कारकुनाच्या रोजनिशीतील उतारे येतात, आणि शेवटी सरकारी अधिकाऱ्याची कोरडी दैनंदिनी. माणूस जसजसा इतरांच्या हाती जातो तसतसा त्याचा आवाज आपल्यापासून काढून घेतला जातो. कादंबरीचे नाव ‘मौन’. आणि हे मौन केवळ देवाचे नाही, हे या रचनेतूनच कळते. (एन्दोच्या मनात वेगळे शीर्षक होते, असे त्याने पुढे सांगितले आहे. या शीर्षकामुळे देव मुका आहे असे सांगणारे पुस्तक म्हणून ते वाचले गेले, ही त्याची तक्रार होती.)

अखेरच्या रात्रीचा प्रसंग सर्व वाचकांना आठवतो, पण त्यातील घोरण्याचा आवाज किती जणांनी ध्यानात ठेवला? अंधाऱ्या कोठडीत बसलेल्या रॉड्रिग्जला कुणीतरी घोरत असल्याचे ऐकू येते. आपण गेथसेमनीतील प्रभूप्रमाणे यातना भोगत आहोत आणि शेजारी पहारेकरी दारू पिऊन खुशाल झोपला आहे, या कल्पनेने तो हसतो, चिडतो. मग फरेरा त्याला सांगतो की, ते घोरणे नाही. खड्ड्यावर उलटे टांगलेल्या खेडुतांचे ते कण्हणे आहे. आणि हे खेडूत आधीच धर्मत्याग कबूल करून चुकले आहेत. धर्मगुरू नमेपर्यंत त्यांची सुटका नाही. आमच्या मते सबंध कादंबरीतील सर्वांत निर्दय क्षण प्रतिमेचा नसून हा आहे. प्रभूच्या दुःखात आपण सहभागी आहोत असे मानणाऱ्या माणसाला शेजारच्याचे दुःख घोरणे वाटले! रॉड्रिग्जची श्रद्धा खोटी नव्हती, पण तिच्यात स्वतःचे देखणे चित्र पाहण्याची खोड होती. त्याच्या मनातला ख्रिस्ताचा चेहरा नेहमी सुंदर आणि तेजस्वी असतो. पायाखाली येतो तो चेहरा असंख्य पावलांनी झिजलेला, खोलगट झालेला आहे.

त्या चेहऱ्याचा आवाज त्याला ऐकू येतो, याविषयी मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सरांच्या आक्षेपाचा मोठा भाग तीवर उभा आहे. इंग्रजी अनुवादात तो आवाज आज्ञा करतो. जपानी जाणणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, मूळ शब्दांत आज्ञेपेक्षा परवानगीचा सूर अधिक आहे. मराठी वाचकाला हा फरक चटकन कळेल. ‘कर’ म्हणणे वेगळे, आणि दाराशी अवघडून उभ्या असलेल्या माणसाला ‘केलेस तरी चालेल रे’ म्हणणे वेगळे. पहिल्यात पाप पुण्य होऊन जाते. दुसऱ्यात पाप पापच राहते. फक्त ते करणाऱ्याला एकटे सोडलेले नसते. सरांनी पहिले वाचले. अनुवादामुळे वाचले, त्यात त्यांचा दोष नाही.

आमचा स्वतःचा आक्षेप निराळा आहे. फरेरा आणि अधिकारी इनोउए हे दोघेही रॉड्रिग्जला सांगतात की, जपान ही दलदल आहे, येथे बाहेरून आणून लावलेले रोप मुळांशी कुजते. कादंबरीच्या उत्तरार्धात हा वाद फार लांबतो. पात्रे बोलत नाहीत, लेखकच दोन आवाजांत स्वतःशी भांडतो आहे, असे वाटत राहते. त्यामागचे कारण आम्ही समजू शकतो. एन्दोला आईच्या इच्छेवरून बालपणी बाप्तिस्मा मिळाला. हा धर्म म्हणजे आईने अंगावर चढवलेला, मापात न बसणारा परदेशी सूट आहे आणि त्याचा किमोनो करता येईल का हे पाहण्यात आपले आयुष्य गेले, असे तो सांगत असे. शिंप्याचे हे दुःख फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या वाचकांना परके वाटू नये. १६१६ साली, म्हणजे रॉड्रिग्ज गोव्यात उतरतो त्याच्या बावीस वर्षे आधी, त्याच गोव्यात छापल्या गेलेल्या त्या ग्रंथात शुभवर्तमानाला मराठी ओवीचा पोशाख शिवला गेला होता आणि तो अंगाला बसलाही. कादंबरीतील येशूसंघीय त्या किनाऱ्यावर थांबतात, पण तेथे काय घडते आहे याकडे कादंबरी वळून पाहत नाही. तिने पाहावेच असा आमचा हट्ट नाही. परंतु दलदलीचे तत्त्वज्ञान सांगणारे दोघेही स्वार्थी साक्षीदार आहेत, हे वाचकाने विसरू नये. एकाला आपल्या पराभवाचे समर्थन हवे आहे, दुसऱ्याला आपल्या जुलुमाचे.

शिवाय इतिहासाने त्यांना खोटे पाडले. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा येथील नव्या देवळात काही खेडूत आले आणि त्यांनी फ्रेंच धर्मगुरू फादर पेतीजाँ यांना हळूच सांगितले की, आमची आणि तुमची श्रद्धा एकच आहे. धर्मगुरूंवाचून, देवळांवाचून दोनशेहून अधिक वर्षे त्यांनी बाप्तिस्मा आणि प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. ही कोणाची संतती? क्रूसावर गेलेल्यांचा आदर्श त्यांच्यापुढे होता यात शंका नाही. पण त्यांच्या वाडवडिलांना वर्षानुवर्षे फुमिएवर पाय ठेवावा लागला होता, आणि घरी परतून ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. रोप कुजले नाही. त्याला गोन्सालोचे रक्त मिळाले आणि या झिजल्या पावलांचे अश्रूही मिळाले. सरांनी विचारलेल्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर असेल तर ते एवढेच आहे: गोन्सालोने उगाच जीव दिला नाही, आणि त्याने जीव दिला म्हणून ज्यांच्याने तो देववला नाही त्यांना आमच्या ग्रंथालयाबाहेर ठेवण्याचा अधिकार आम्हांला मिळत नाही.

वसईच्या वाचकाला दिसावी अशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कुणीही मांडली नाही. गोन्सालो दुभाषी होते. ‘सायलेन्स’मध्येही एक दुभाषी आहे, आणि आमच्या मते तो कादंबरीतील सर्वांत चांगल्या रीतीने रेखाटलेल्या गौण पात्रांपैकी एक आहे. तो कधी काळी ख्रिस्ती शाळेत शिकलेला, पोर्तुगीज जाणणारा. फादर काब्राल यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी जपान्यांच्या भाषेचा, अन्नाचा, चालीरीतींचा केलेला उपहास तो विसरलेला नाही, आणि तो कडवटपणा त्याने शत्रूच्या चाकरीत आणला आहे. (काब्राल हेही ऐतिहासिक पुरुष, पुढे ते गोव्यात आले आणि १६०९ साली तेथेच वारले.) मिश्र रक्ताचा, संघाच्या दारातून परत फिरलेला एक दुभाषी क्रूसावर गेला, अपमान गिळलेला दुसरा दुभाषी छळणाऱ्यांच्या बाजूस गेला. दोघांची ही जोडी लावून पाहायला टोकियोच्या किंवा लंडनच्या समीक्षकाला कारण नाही. आम्हांला आहे.

आता सभेतील शेवटचे मत. एक वयस्क मावशी कोपऱ्यात बसून होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही. कथा ऐकली तेवढीच. सगळ्यांचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, ‘‘त्या किचिजिरोचे पुढे काय झाले?’’ तो पुन्हा पुन्हा येतो का, पुन्हा पुन्हा पापनिवेदन मागतो का, आणि फादर त्याला ते देतात का, हे त्यांना हवे होते. आम्ही सांगितले की, अगदी शेवटी, प्रतिमा तुडवून झाल्यावर, धर्मगुरू म्हणवून घेण्याचा हक्क गमावलेला रॉड्रिग्ज त्याला पापक्षमा देतो. मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘आमच्याही घरी एक होता. माझा भाऊ. आमच्या बाबांनी त्याचे नाव घ्यायचे नाही असे सांगितले होते, आम्ही घेतले नाही. तो सणाला देवळाबाहेर उभा राहायचा.’’

यावर चर्चा झाली नाही, होणे शक्यही नव्हते. सरांनी त्यांच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. आम्ही इतकेच म्हणू की, पुस्तक न वाचलेल्या त्या बाईंनी जो प्रश्न विचारला तो पुस्तकाच्या गाभ्याला भिडणारा होता. आणि वाचलेल्या पाचांपैकी चौघांना किचिजिरोचे पुढे काय झाले ते नीट सांगता आले नाही. कारण ते ज्या परिशिष्टात आहे ते बहुतेकांनी वाचलेच नव्हते.

हे परिशिष्ट म्हणजे ती कोरडी सरकारी दैनंदिनी. कोण आजारी पडले, कुणाची झडती झाली, कुणाला काय लिहून द्यायला सांगितले, अशा नोंदी. कंटाळून पाने उलटावीत अशीच ती आहेत. पण त्या नोंदींत कादंबरीचा शेवट दडलेला आहे. ओकादा सानएमोन या जपानी नावाने नजरकैदेत राहणाऱ्या माणसाकडून पुन्हा एकदा धर्मत्यागाचे लेखन करवून घेतले जात असल्याचे त्यांत येते. एकदा तुडवून ज्याचे सारे संपले, त्याच्याकडून ते पुन्हा का लिहून घ्यावे लागले? मध्यंतरी त्याने काय केले? दैनंदिनी सांगत नाही. आणि किचिजिरो, तो त्याच्याच घरी चाकर म्हणून राहिला आहे. झडतीत त्याच्याकडे ख्रिस्ती चित्र सापडते, ते कुठून आणले यावरून त्याची कसून विचारपूस होते. तो पळून गेलेला नाही. जो प्रत्येक वेळी पळाला, तो शेवटी येथे आहे. त्याच्याविषयी याहून अधिक काही लेखक आपल्या तोंडाने सांगत नाही, आणि ते आम्हांला योग्य वाटते.

सरांचे पत्र या अंकात, त्यांच्या संमतीने, एक शब्दही न बदलता छापले आहे. आमचे मत वेगळे असले तरी ते कापून टाकावे असे आम्हांला एकदाही वाटले नाही. मलपृष्ठी विशेषणांच्या पत्रांतील काही मजकूरही आहे, तो संक्षिप्त करून. सभेनंतर दुसऱ्या दिवशी सर आमच्याकडे आले होते. मत बदललेले नाही, असे त्यांनी उंबरठ्यावरच सांगितले. मग परिशिष्ट कोणत्या पानापासून सुरू होते ते विचारले आणि वाचकमंडळाची प्रत पिशवीत घालून घेऊन गेले. ती अजून परत आलेली नाही.